संपृक्तता

करावे गावातल्या एकशे बारा घरांतून
मी चोवीस घरं निवडली,
यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावर
डोळे मिटून पेन्सिल टेकवत.
पदीबाई केणींना हे समजावताना
माझी मराठी पुस्तकी होत गेली.
त्या सुपात कोलीम निवडत होत्या.
“म्हंजे सोडत,” म्हणाल्या.
आणि मान वर न करता,
“सोडतीन माजा नाव कंदी निंगाला नव्हता.
लिव.”

संमतीपत्र तीन पानांचं.
आपण कधीही माघार घेऊ शकता.
आपली ओळख उघड केली जाणार नाही.
यातून आपल्याला कोणताही आर्थिक लाभ –
इथं त्यांनी मला थांबवलं.
“यवरा लांब कागुद
येकदाच आला व्हता गावान.”
आणि अंगठा पदराखाली घेतला.

समितीच्या अर्जात यासाठी चौकट असते :
तोंडी संमती, कारणासह.
कारण मी लिहिलं, निरक्षर.
रात्री ते खोडलं.
दुसरं काही सुचलं नाही,
चौकटीत आता फक्त खोडलेलं आहे.

एका तासाचं बोलणं उतरवायला
सात तास लागतात.
कंसात हसू. कंसात खोकला.
कंसात सूप पाखडल्याचा आवाज.
प्रश्न सतरा :
जमीन संपादनानंतर कुटुंबाच्या
शिक्षणविषयक आकांक्षांत कोणता बदल झाला?
याच्यापुढं अकरा सेकंद काही नाही.
मी हेडफोन कानांवर दाबून धरते :
शेजारच्या कुकरची शिट्टी,
पाम बीच रस्त्यावरून गेलेली एक मोटारसायकल,
आणि अगदी जवळ
माझाच अधीर श्वास.
मग माझाच आवाज,
“म्हणजे, मुलांच्या शाळेबद्दल.”
उत्तर उंबऱ्यापर्यंत आलं होतं.
मी त्याच्या तोंडावर दार लावलं, मदत म्हणून.

मॅडम म्हणाल्या, कोड दे.
हानीला पिवळा, अभिमानाला निळा,
कचेरीचं जे जे ते करडं.
सोळाव्या मुलाखतीनंतर नवा रंग लागेना.
मॅडमनी चष्मा काढून ठेवला :
संपृक्तता आली. फील्ड बंद कर,
लिहायला बस.

आभार मानायला गेले, पेढे घेऊन.
“झाला तुजा?”
झालं. संपृक्तता आली.
“ती कंची?”
मी म्हटलं, पाण्यात मीठ विरघळत जातं,
जात राहतं, आणि मग
आणखी एक खडाही विरघळत नाही, तसं.

त्या पहिल्यांदा माझ्याकडं पुरत्या वळल्या.
तळवा आडवा धरला, बोटांचे बांध केले :
पाणी या कुंडीतून त्या कुंडीत
कसं सोडायचं, किती उन्हं थांबायचं,
ढवळायचं कसं नाही.
वर साय धरते.
मग ती जड होऊन तळाशी बसते,
चालताना टाचा चिरते.
“तवा कुनी घरी जात नाय गो.
तवाच तं फल्या घेऊन उतरायचा.”

रेकॉर्डर पिशवीत होता, बंद.

‘संशोधकाची भूमिका’ या मथळ्याखाली
माझ्या तिसऱ्या प्रकरणात एकच ओळ आहे :
संशोधिका याच परिसरातील रहिवासी आहे.
आमच्या इमारतीच्या तळमजल्याला
दरवर्षी लोणा लागतो.
सोसायटी दरवर्षी खरवडून रंग देते,
मीटिंगमध्ये दरवर्षी कंत्राटदाराला दोष.
काल जिना उतरताना
त्या भिंतीला मी बोट लावलं
आणि बराच वेळ
ते पुसलं नाही.

सोमवारी पुन्हा करावे.
प्रश्न सतरा विचारीन
आणि बसून राहीन,
त्यांनी सूप पुढं केलं तर कोलीम निवडीन.

मॅडमना अजून कळवलेलं नाही.